पाचव्या कंडिकेचा जबाब

दुपारचं जेवण झालं की माझे डोळे आपोआप मिटतात, आणि मिटले की मी कुणाच्या तरी घरात असतो. ते घर मी कधी पाहिलेलं नसतं. तरी पूर्वेला नगरपालिकेचा रस्ता आहे, पश्चिमेची भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे, उत्तरेला नाली आहे आणि दक्षिणेला कुण्या रामलालची पडीत जागा आहे, हे मला पक्कं ठाऊक असतं. मी ओसरीतून मधल्या खोलीत जातो, तिथून स्वयंपाकघरात. कुणी काही बोलत नाही. शेगडीवर भात शिजत असतो. मग कुठून तरी बायकोचा आवाज येतो, "आयकलं का जी? चहा होऊन राह्यला, उठा आता," आणि ते अख्खं घर चारही सीमांसकट विरून जातं.

बालाघाटच्या कोर्टात मी चौतीस वर्षं वकिलाचा मुन्शी होतो. मुन्शी म्हणजे बॅग उचलणारा माणूस, असा लोकांचा समज असतो. बॅग उचलली, खोटं काहून बोलू? पण माझं खरं काम होतं कागद तपासायचं. घर खाली करण्याचे दावे आमच्या वकीलसाहेबांकडे फार यायचे, आणि साहेब बहुतेक भाडेकरूच्या बाजूने उभे राहायचे. त्यामुळे भाडेकरूचा जबाब टाइप होऊन आला की कोर्टात दाखल करण्याआधी तो माझ्या टेबलावर यायचा. टेबल म्हणजे व्हरांड्यातल्या खांबाशेजारी एक लंगडी मेज. तिच्या एका पायाखाली विटेचा तुकडा. त्या मेजेवरून किती घरं माझ्या डोळ्यांखालून गेली, मोजदाद नाही. म्हणूनच ती आता झोपेत येत असावीत.

ज्यांना कोर्टाची पायरी माहीत नाही, आणि देव करो ती माहीत न होवो, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घरमालक दावा लावतो. त्याच्या दाव्यात एक, दोन, तीन असे आकडे घालून परिच्छेद असतात, त्यांना आमच्याकडे कंडिका म्हणतात. दाव्याची नक्कल समन्ससोबत भाडेकरूला मिळते, आणि तीस दिवसांत त्याने जबाब द्यायचा असतो. महाराष्ट्रात त्याला कैफियत म्हणतात, आमच्याकडे जवाबदावा. कैफियत हा शब्द मला फार आवडतो, त्यात माणूस बसून सांगत असल्यासारखा वाटतो. पण बालाघाट पडलं मध्यप्रदेशात, आमचं कोर्ट चालतं हिंदीत. आमची माणसं रडतात मात्र मराठीत, आणि दोन्हींच्या मधोमध माझी लंगडी मेज.

तर नियम असा, की मालकाच्या प्रत्येक कंडिकेला वेगळं उत्तर द्यावं लागतं: हे मान्य, हे अमान्य, का अमान्य. ज्या कंडिकेला उत्तर दिलं नाही, ती तुम्ही कबूल केली असं कोर्ट धरून चालतं. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं. एवढं कळलं की माझा अर्धा धंदा कळला.

मला तो कळायला एका माणसाचं दुकान जावं लागलं. मी नवानवा होतो. कटंगीकडचा एक गडी होता, बसस्टँडजवळ भाड्याच्या जागेत सलून चालवायचा. तापट स्वभाव. म्हणाला, "मुन्शीजी, त्या माणसाची एकबी गोष्ट खरी नाही. सबन नामंजूर लिहा." लिहिलं. पहिल्यापासून अकराव्या कंडिकेपर्यंत सगळं अस्वीकार. मी डोळ्यात तेल घालून तपासलं, वेलांट्या पाहिल्या, बापाचं नाव पाहिलं, वॉर्ड नंबर पाहिला, आणि खुशाल पुढे पाठवलं. पहिल्या कंडिकेत काय होतं? तर वादी या दुकानाचा मालक आहे आणि प्रतिवादी त्याचा भाडेकरू. तेसुद्धा नामंजूर! मालकाला मालक मानायलाच भाडेकरूने नकार दिला, तर तेवढ्या कारणावरून त्याला बाहेर काढता येतं. आधीचं कारण लटकं होतं, हे कारण आम्हीच ताटात वाढून दिलं. आमचे साहेब तेव्हा तरुण होते, तेही चुकले, पण तपासणारा मी होतो. दुकान गेलं. तो गडी मला कधी वाईट बोलला नाही. चौकात भेटला की रामराम करायचा, आणि मी मान खाली घालून पुढे जायचो. अजूनही जातो.

तेव्हापासून मी दोनदा वाचायला लागलो. एकदा आपल्याशी, बोट ठेवून, शेवटच्या कंडिकेपासून उलट पहिलीकडे. उलट वाचलं की डोळा घसरत नाही. आणि दुसऱ्यांदा मोठ्याने, पक्षकाराला समोर बसवून, हिंदीचं मराठी करत. तसंही जबाबाखाली तो सत्यापनाची सही करतो, की हे मला वाचून दाखवलं, समजलं आणि खरं आहे. बहुतेक ठिकाणी ती नुसती रीत असते. माझ्याकडे खरोखर वाचन व्हायचं. ऐकताना माणूस मान हलवत असतो. ज्या ओळीवर मान थांबली, तिथे काहीतरी चुकलंय असं समजायचं. सगळं अंग सांगत असतं माणसाचं.

आमची टायपिस्ट पुष्पा, हुशार बाई, पण जुन्या फायलीवर नवी नावं चढवायची तिला सवय. त्यामुळे एकाच्या जबाबात दुसऱ्याचं घर शिरायचं. बैहरच्या एका जीपवाल्याला मी त्याच्या घराची सीमा वाचून दाखवत होतो, तर दक्षिणेला विहीर आणि मोहाची दोन झाडं निघाली. त्याची मान थांबली. म्हणालो, "काय झालं, झाडं नाहीत काय?" तर म्हणतो, "नाहीत जी, पन राहू द्या ना. मोहाची हायेत, चांगली हायेत." मी ती कागदावर काटली, म्हणजे रेघ मारून खोडली, पण संध्याकाळपर्यंत मला त्या माणसाच्या दारात मोह फुललेला दिसत राहिला.

यमुनाबाई आली ती थंडीत. धानाची कापणी होऊन गेली होती, राइस मिलांचा भुस्सा हवेत होता, आणि व्हरांड्यात ऊन असं पसरलं होतं की माणसाला कागदापेक्षा डुलकी जवळची वाटावी. सकाळी वैनगंगेकडून आलेलं धुकं बारा वाजेपर्यंत झाडांतून हलत नसे. त्या उन्हात ती माझ्या मेजेसमोर येऊन उभी राहिली. साठीच्या पुढची, ठेंगणी, हातात कापडी पिशवी. बैहरच्या मुलींच्या सरकारी होस्टेलात स्वयंपाक करून आता निवृत्त झाली होती. पिशवीतून तिने समन्स काढलं. तारीख पाहिली आणि मी ओरडलोच, "अवो बाई, सव्वीस दिवस झाले! चार दिवस राह्यले हातात. इतके दिवस काय केलं?"

"घरी ठेवलं व्हतं जी," ती म्हणाली. "म्हटलं भाऊ येईन, म्हनन, ताई, चुकून आलं ते कागद."

भाऊ म्हणजे तिचा घरमालक, मनोहर. रक्ताचा नव्हे. यमुनाबाई विधवा झाली तेव्हा मनोहरच्या आईने तिला घरामागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. होस्टेलची नोकरी बैहरला, पण सुट्ट्यांत, सणावाराला आणि नोकरी संपल्यावर ती बालाघाटच्या या खोल्यांतच. मनोहरला बहीण नव्हती, तिला भाऊ उरला नव्हता. पहिल्याच भाऊबीजेला म्हातारीने पाट मांडला आणि म्हणाली, ओवाळ याला. तेव्हापासून एक भाऊबीज चुकली नाही. भाडं ठरलेलं होतं, दरमहा जात होतं, पावती मिळत होती, त्याचा तंटा कधीच नव्हता. म्हातारी वारली तेव्हा रडायला पहिली यमुनाबाईच बसली.

आणि आता त्याच भावाने दावा लावला होता. धाकट्या मुलाचं, अमोलचं, लग्न ठरलंय, नव्या जोडप्याला राहायला मागच्या दोन खोल्या पाहिजेत, म्हणून प्रतिवादीने घर खाली करावं. पाचव्या कंडिकेत लिहिलं होतं की वादीकडे बालाघाट शहरात राहण्यालायक दुसरी कुठलीही रिकामी जागा नाही. अशा दाव्याचा सारा भार याच ओळीवर असतो. मालकाची गरज खरी असेल आणि त्याच्याकडे दुसरी सोय नसेल तर कोर्ट त्याच्या बाजूने जातं. दुसरी सोय असेल तर भाडेकरू वाचतो.

साहेबांनी पुष्पाला मुद्दे सांगितले, यमुनाबाईला पुष्पाशेजारी बसवलं आणि तपशील विचारून घे म्हणाले. शेवटच्या दिवशी सकाळी जबाब माझ्याकडे आला. मी बोट ठेवून उलटा वाचत निघालो. नऊ, आठ, सात, सहा, चार. थांबलो. पुन्हा पाहिलं. सहा, चार. पाच नाही!

माझं डोकं फिरलं. तडक पुष्पाकडे गेलो. "पुष्पाबाई, आज तर तू गळाच कापला असता एखाद्याचा! पाचवी कुठं गेली?"

पुष्पा काही ऐकून घेणारी नव्हती. "भैया, मेरे पे मत चिल्लाओ. मी नाही सोडली. बाईनंच म्हटलं का हे नका लिहू. मले वाटलं साहेबायले सांगितलं असन."

यमुनाबाई वडाखाली बसली होती, हिरवे हरभरे सोलत. कोर्टात लोक कसे बसतात पाहा, जणू जत्रेला आले. मी शेजारी टेकलो. म्हटलं, "यमुनाबाई, पाचव्या कंडिकेचा जबाब काहून नाही दिला?"

"ते नाही द्यायचा."

"काहून?"

ती हरभरे सोलत राहिली. मग म्हणाली, "वरती दोन खोल्या हायेत. माडीवर. कुलूप लावून."

मला तर आनंदच झाला. माडीवर दोन रिकाम्या खोल्या, म्हणजे दावा जागच्या जागी बसला! "मंग सांगत काहून नाही? केव्हापासून कुलूप हाये?"

"नितीन गेला तेव्हापासून."

नितीन मनोहरचा मोठा मुलगा. तुमसरहून मोटरसायकलने येत होता, कटंगीच्या अलीकडे ट्रकने उडवला. लग्नाचा होता. माडीवरच्या खोल्या त्याच्याच होत्या. "वहिनी दर शनिवारी वरती जाते," यमुनाबाई मनोहरच्या बायकोचं सांगत होती. "झाडते, पुसते. चादर बदलते. त्याचे बूट उन्हात ठेवते आन् परत आत ठेवते. मंग कुलूप लावून खाली येते, आन् त्या दिवशी कोनाशी बोलत नाही. मुन्शीजी, त्या खोल्या रिकाम्या नाहीत. मी कशी लिहू रिकाम्या हायेत म्हनून? भाऊ ते वाचन ना."

वडाची पानं हलत होती, ऊन तिच्या पदरावर हलत होतं, आणि मला ती माडी दिसायला लागली होती. लाकडी जिना, वर डावीकडे दार, कपाटाशेजारी बूट. मी स्वतःला हलवून जागं केलं.

"बाई, ऐका," म्हटलं, "ही ओळ नसली तर तुमी कबूल केल्यासारखं होते का मनोहरभाऊकडे दुसरी जागाच नाही. कोर्ट म्हनन, खाली करा."

"मंग करीन खाली."

"जाल कुठं?"

तिने पदरातली सालं झटकली. गावचं घर पुतण्यांनी पाडून वाटून घेतलं होतं, हे मला तिच्याच कागदांवरून माहीत होतं. मग म्हणाली, "बैहरले माह्या होस्टेलच्या पोरी हायेत. वळखतेत मले." त्या पोरी केव्हाच शिकून, लग्न होऊन चहूकडे गेल्या असतील, हे तिलाही ठाऊक असावं. मला तिचा राग आला, आणि त्या रागात माया इतकी होती की मला दोन्ही वेगळे करता येईनात. सलूनवाल्याचा रामराम कानात वाजत होता. एकाचं दुकान घालवलं, आता हिचं घर नाही घालवणार, असं माझ्या मनाने घेतलं.

मी पुष्पाकडे गेलो आणि शांतपणे म्हणालो, "लिही. कंडिका पाच अस्वीकार है. वादी के मकान की ऊपरी मंजिल पर दो कमरे रिक्त हैं, जिन पर ताला लगा है." पुष्पाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टाइप केलं. साहेब दुसऱ्या कोर्टातून घाईघाईत आले, पानं चाळली, पाचव्या कंडिकेवर थांबले आणि खूश झाले. "अरे वा मुन्शीजी, यही तो असली पॉइंट है! बाईने बताया?" मी मान हलवली. सांगितलं तर तिनेच होतं. ते लिहायला मनाई केली होती, एवढं मी सांगितलं नाही.

मग यमुनाबाईला मेजेसमोर बसवलं आणि वाचून दाखवायला लागलो. पहिली कंडिका, मान्य, तो मालक आणि तुम्ही भाडेकरू. तिने मान हलवली. दुसरी, तिसरी, चौथी. मान हलत होती. पाचवी आली. मी वाचलं, "पाच नंबरचं म्हणणं मान्य नाही," आणि तसाच सहावीवर गेलो. पुढचं अर्धं वाक्य गिळलं. माझा आवाजसुद्धा बदलला नाही. ती क्षणभर थांबली, मला वाटलं विचारते आता. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली. तिला सावकाश वाचता येत होतं. पानं तिच्यापुढेच होती. तिने वाचलं नाही, कारण वाचणारा मी होतो.

प्रत्येक पानाखाली तिने सही केली. आम्ही शपथपत्रासाठी नोटरीकडे गेलो. त्याने मान वर न करता विचारलं, "पढ़कर सुना दिया?" मी म्हणालो, "हौ साहेब." शिक्का बसला. तीन वाजता जबाब दाखल झाला, एक नक्कल समोरच्या वकिलाकडे गेली, एक यमुनाबाईने पिशवीत ठेवली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी घरी जाताना बायकोसाठी चिवडा नेला.

चार-सहा दिवस मी तरंगतच होतो. मग एका दुपारी, व्हरांडा सामसूम होता, माझे डोळे जड झाले होते, आणि समोरच्या बाकावर एक माणूस येऊन बसला. मला वाटलं झोपेतच आहे. पांढरा शर्ट, दाढी वाढलेली, हातात चार घड्या घातलेला कागद. तो मनोहर होता. मी त्याला तोवर फक्त कागदावर ओळखत होतो.

"मुन्शीजी, एकच गोष्ट इचारतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "वकिलाले इचारून फायदा नाही, ते लोक सांगत नाहीत. हे माडीवालं, ताईनं लिहायले लावलं काय?"

मी पेनाला टोपण लावलं.

"तिनं लावलं असन तर केस चालू द्या, जे व्हईन ते व्हईन. पन मंग ती माह्यासाठी मेली. नितीनले तिनं पाळन्यात घातलं व्हतं. त्याच्या खोलीले ती रिकामी म्हनते?"

मी काय करायला पाहिजे होतं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. खरं सांगितलं तर यमुनाबाईचं शपथपत्र खोटं ठरतं, जबाबच उडतो, घर जातं. माझी इतक्या वर्षांची अब्रू जाते, साहेबांवर ठपका येतो. गप्प बसलो तर घर वाचतं आणि भाऊ जातो. मी मेजेवरचे कागद उगाच सारखे करत राहिलो. मग माझं तोंड माझ्याआधी बोललं.

"नाही. मी लिहिलं. तिनं साफ मना केलं व्हतं. तिले वाचूनसुदिक नाही दाखवलं."

मनोहर माझ्याकडे पाहत राहिला. आता हा उठून ओरडेल, साहेबांना बोलावेल, असं वाटलं. त्याने कागद उलगडला, पाहिला, परत घडी घातली.

"मीबी सही केली ना जी, दुसरी जागा नाही म्हनून," तो म्हणाला. "मलेबी वाचून दाखवलं व्हतं. पूरं दाखवलं. मले ते खोटं वाटलंच नाही. आताबी नाही वाटत." आणि डोळे पुसत, अजिबात न लाजता, तो पायऱ्या उतरून गेला.

मी त्याच संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "मुन्शीजी, आपसे ये उम्मीद नहीं थी." कोर्टात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, पण हे एक वाक्य मला अजून पचलं नाही. ते पुढच्या तारखेला स्वतः कोर्टाला सांगून तो जबाब दुरुस्त करून घेणार होते. ते दिवस कसे गेले, माझं मला माहीत. झोप लागली की मी जिना चढत असायचो. वर पोचायचो, पण दार उघडायची हिंमत व्हायची नाही.

तारखेच्या दिवशी मनोहरचा वकील उभा राहिला आणि त्याने दावा परत घेत असल्याचा अर्ज दिला. कारण विचारलं तर म्हणाला, घरातच सोय झाली. दुरुस्तीची वेळच आली नाही. पुढे कळलं ते असं, की माझ्याकडून गेल्यावर मनोहरने तो कागद बायकोला वाचून दाखवला. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवार नसताना, ती किल्ली घेऊन अमोलला म्हणाली, चल. अमोल आणि त्याची बायको आता माडीवर राहतात. बूट मात्र आईने खाली आपल्या खोलीत नेले.

सगळं गोड झालं, असं तुम्हाला वाटेल. साहेबांनीही नंतर तसंच म्हणून माझी पाठ थोपटली. पण माझं मन खात होतं. निकाल चांगला लागला म्हणून चूक बरोबर होत नाही, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक? आणि ज्या बाईचा मी अपराध केला, तिने मला काहीच म्हटलं नव्हतं.

ती आली पंधराएक दिवसांनी. भाऊ तिच्याशी बोलला होता, सगळं सांगितलं होतं. मी उठून खुर्ची दिली. ती बसली नाही. पिशवीतून आपली नक्कल काढून माझ्यापुढे ठेवली.

"वाचा," म्हणाली. "पूरं वाचा. अर्धं नको."

"यमुनाबाई, दावाच परत गेला. आता याचा काही उपयोग नाही."

"वाचा जी."

मी वाचलं. पहिलीपासून. एवढा सोपा कागद वाचताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती. पाचवी आली आणि मी ती मराठीत पूर्ण वाचली: वादीच्या घराच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्यांना कुलूप आहे. व्हरांड्यात लोक येत-जात होते, कुणी तरी कुणाला हाका मारत होतं. ती ऐकत उभी होती. मग तिने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्या ओळीवर सावकाश, ठळक रेघ ओढली. रेघ वाकडी झाली तशी पुन्हा एकदा ओढली.

"कागदावर काटलं का बाजूले सही लागते म्हनतेत ना तुमच्या कोर्टात?" तिने विचारलं.

"लागते. ज्याचा कागद असन त्याची."

"हे वाक्य कोनाचं हाये?"

तिने पेन माझ्यापुढे धरलं.

जवाबदाव्यावर पक्षकाराची सही असते, वकिलाची असते, नोटरीची असते. मुन्शीची नसते. चौतीस वर्षं मी हजारो पानं तपासली, पण एकावरही माझं नाव नाही. मी त्या वाकड्या रेघेशेजारी सही केली, पूर्ण नाव लिहून. तिने ती नीट पाहिली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद पिशवीत ठेवून घरी घेऊन गेली.